जेट एंजिनाचे वायुमुख व नोझल : जमिनीवरील चाचणी आणि तिच्या मर्यादा

जेट एंजिनाचे वर्णन करताना संपीडक, ज्वलनकक्ष आणि टरबाइन या तीन अंगांवर भर देण्याची रीत आहे, व ती स्वाभाविकही आहे. एंजिनाची किंमत, त्यातील धातुविद्या व कारागिरी यांचा मोठा भाग या तीन अंगांत सामावलेला असतो. परंतु हवा ज्या वाटेने आत येते ते वायुमुख, आणि तप्त वायू ज्या वाटेने बाहेर पडतो तो नोझल, ही दोन टोके नीट जुळली नाहीत तर मधले उत्कृष्ट यंत्र विमानाच्या फारसे उपयोगी पडत नाही. या दोन टोकांची परीक्षा जमिनीवर कशी केली जाते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय अभियांत्रिकीचा असला तरी ‘कशाला काय म्हणावे आणि कोणते माप कोणाच्या खाती मांडावे’ हा प्रश्न त्यात वारंवार उपस्थित होतो. त्यामुळे भाषेच्या अभ्यासकालाही तो अगदीच परका वाटू नये.

प्रथम संज्ञांविषयी. ‘नोझल’ हा शब्द येथे तसाच ठेवला आहे. त्याला ‘निर्गमतुंड’ किंवा तत्सम संस्कृतोद्भव पर्याय घडविणे अवघड नाही; पण जळकोटसारख्या तालुक्याच्या बाजारात तुरीवर वा सोयाबीनवर फवारणी करावयाच्या पंपाचा ‘नोझल’ मागितला तर दुकानदाराला शब्दार्थ विचारावा लागत नाही. जो शब्द शिवारात रुजला आहे तो ग्रंथातून हद्दपार करण्यात हशील नाही. शिवाय फवारणीचा नोझल आणि विमानाचा नोझल यांचे मूळ कार्य एकच आहे : दाबाखालील प्रवाही पदार्थ अरुंद वाटेने सोडून दाबाचे वेगात रूपांतर करणे. (त्याचे लिंग मात्र अद्याप स्थिरावलेले दिसत नाही. येथे तो पुल्लिंगी मानला आहे.) एंजिन विमानाला जे बल देते त्याला ‘प्रणोद’ म्हणण्यापेक्षा ‘रेटा’ म्हणणे अधिक बरे. हवेकडून विमानाला होणाऱ्या विरोधास कित्येक जण ‘ओढ’ म्हणतात. परंतु मराठीत पाण्याची ओढ माणसाला प्रवाहाच्या दिशेने नेते आणि मनाची ओढ इष्ट वस्तूकडे. मागे खेचणाऱ्या बलाला ‘रोध’ हाच शब्द निःसंदिग्ध ठरतो.

आता रेट्याचे गणित. एंजिन दर सेकंदाला ठरावीक वस्तुमानाची हवा आत घेते, तिला वेग देते आणि मागे फेकते. हवेच्या संवेगात दर सेकंदाला जेवढी वाढ होते तेवढा रेटा मिळतो. नोझलच्या तोंडाशी वायूचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा अधिक असेल तर त्या फरकाचा व तोंडाच्या क्षेत्रफळाचा गुणाकार त्यात मिळवावयाचा. समजा, एंजिनातून दर सेकंदाला ४० किलोग्रॅम हवा जाते व ती सेकंदाला ५५० मीटर वेगाने बाहेर पडते. एंजिन जमिनीवर स्थिर असताना रेटा २२,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २,२४० किलोग्रॅम वजनाइतका होईल. हेच एंजिन सेकंदाला २५० मीटर वेगाने उडत असेल तर आत येणाऱ्या हवेला विमानाच्या दृष्टीने आधीच तेवढा वेग असतो. तिचा संवेग वजा करावा लागतो, आणि ही वजाबाकी १०,००० न्यूटनांची आहे. प्रत्यक्षात उड्डाणाच्या वेगामुळे वायुमुखाशी दाब वाढतो, त्यायोगे हवेचे वस्तुमान व निर्गमाचा वेगही बदलतो, त्यामुळे तोटा इतका सरळ राहत नाही. पण एक गोष्ट यावरून स्पष्ट व्हावी. जमिनीवर मोजलेला रेटा हा स्थूल रेटा होय. उड्डाणातील निव्वळ रेटा ही वेगळी राशी आहे.

चाचणीमंचावर एंजिन एका तरत्या चौकटीवर बसविलेले असते. ही चौकट लवचिक पोलादी पट्ट्यांवर टांगलेली असल्यामुळे ती पुढेमागे जवळजवळ घर्षणाविना सरकू शकते, आणि तिचा रेटा एका बलमापकावर पडतो. एंजिनाच्या पुढे विमानातील वायुमुख नसते. तेथे घंटेच्या आकाराचे, कडा बाहेरच्या बाजूस गोलाईने वळविलेले एक तोंड बसवितात. त्याला येथे घंटामुख म्हणू. स्थिर हवा चहूबाजूंनी या गोलाईवरून घसरत, कोठेही न फाटता, नळीत शिरते व तिच्या एकूण दाबात जवळपास काहीच घट होत नाही. घंटामुखाचा दुसरा उपयोग मोजणीचा आहे. त्याच्या गळ्याशी भिंतीत बारीक छिद्रे पाडून तेथील स्थिर दाब घेतात. बाहेरच्या दाबापेक्षा तो जितका कमी असेल त्यावरून हवेचा वेग निघतो, आणि वेग, घनता व गळ्याचे क्षेत्रफळ यांवरून दर सेकंदाला किती हवा आत गेली हे कळते.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. अडचण सुरू होते ती चाचणीगृहाला भिंती असल्यामुळे. मोकळ्या मैदानात चाचणी घेतली तर आडवा वारा घंटामुखातील प्रवाह बिघडवतो आणि क्वचित स्वतःचाच तप्त वायू एंजिन पुन्हा आत ओढून घेते. शिवाय आवाजाने आसपासच्या वस्तीला राहणे कठीण होते. म्हणून एंजिन बंदिस्त दालनात चालवितात, आणि मागे एक मोठी आवाजशामक नळी ठेवतात. नोझलमधून सुटणारा झोत या नळीत शिरताना आपल्याबरोबर दालनातील पुष्कळ हवा खेचून नेतो. परिणामी एंजिनाच्या भोवती हवेचा मंद प्रवाह वाहू लागतो. ज्या हवेला आपण स्थिर समजलो ती स्थिर राहत नाही, तिच्या संवेगाची वजाबाकी करावी लागते. चौकटीवर व एंजिनाच्या अंगावर हा प्रवाह जो रोध निर्माण करतो तोही हिशेबात धरावा लागतो. बलमापकावर दिसणारा आकडा आणि खरा स्थूल रेटा यांत यामुळे काही टक्क्यांचा फरक पडू शकतो. त्यासाठी प्रत्येक चाचणीगृहाचा स्वतःचा संशोधनांक आधी निश्चित करून घ्यावा लागतो.

दुसरे संशोधन हवामानाचे. प्रमाणित दिवस म्हणजे समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १०१.३२५ किलोपास्कल दाब. मराठवाड्यातील मे महिन्याचा दिवस यापासून किती दूर असतो ते पाहू. तापमान ४२ अंश असेल तर केल्विनमध्ये त्याचे प्रमाणित तापमानाशी गुणोत्तर १.०९४ येते व त्याचे वर्गमूळ १.०४६. एंजिनाच्या पात्यांना प्रत्यक्ष फेऱ्यांची संख्या ‘कळत’ नाही. त्यांना कळते ते हवेतील ध्वनिवेगाशी असलेले प्रमाण. म्हणून ४२ अंशांवर पूर्ण फेऱ्यांनी फिरणारे एंजिन वायुगतिकीच्या दृष्टीने ९५.६ टक्के फेऱ्यांनीच फिरत असते. ठिकाण पाचशे मीटर उंचीवर असेल तर दाबही सुमारे ९५.५ किलोपास्कल, म्हणजे प्रमाणाच्या ९४ टक्के. या दोन्ही गुणोत्तरांनी फेऱ्या, हवा व रेटा यांचे आकडे दुरुस्त केल्यावरच जानेवारीतील चाचणी मेमधील चाचणीशी ताडून पाहता येते. उन्हाळ्यात धावपट्टी अधिक लांब लागते, त्यामागील कारण यातच आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो नाशिकजवळील ओझर येथे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली मिग विमानांच्या निर्मितीसाठी निघाला. त्याच योजनेत एंजिनांचा कारखाना ओरिसातील कोरापुट जिल्ह्यात सुनाबेडा येथे उभारण्यात आला. या विभागणीमुळे चाचणीचेही दोन टप्पे पडतात आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. एंजिन प्रथम आपल्या कारखान्यात मंचावर, घंटामुख लावून, चालविले जाते. तेथे ते आदर्श परिस्थितीत असते. नंतर ते ओझरला विमानाच्या पोटात बसते, आणि आता त्याला हवा मिळते ती विमानाच्या स्वतःच्या वायुमुखातून. चाकांना अडणी लावून व विमान जखडून पुन्हा एंजिन चालविले जाते. एंजिन तेच, तरी आकडे तेच येत नाहीत.

कारण वायुमुखाच्या कडेत आहे. मिग-२१ हे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या आसपास जाणारे विमान. त्याचे वायुमुख नाकाशीच असून कडा सुरीसारख्या पातळ आहेत, कारण स्वनातीत वेगात जाड, गोल कड फार मोठा रोध निर्माण करते. परंतु विमान जमिनीवर उभे असताना हवा केवळ समोरून येत नाही, ती बाजूंनी व मागूनही ओढली जाते, आणि पातळ कडेला वळसा घालताना तिचा प्रवाह भिंतीपासून फाटतो. फाटलेल्या प्रवाहात भोवरे उठतात व एकूण दाब घटतो. संपीडकाशी पोचणारा दाब एक टक्क्याने घटला तर रेटा एक टक्क्याहून काहीसा अधिकच घटतो. उपाय म्हणून विमानाच्या अंगावर साहाय्यक दारे ठेवलेली असतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली गेला की ती उघडतात आणि एंजिनाला जादा हवा मिळते. वेग वाढला की मिटतात. गोव्यात दाभोळी येथील नौदलाच्या तळावर १९८३ पासून २०१६ पर्यंत असलेल्या सी हॅरियर विमानांच्या वायुमुखाभोवती अशा दारांची रांगच होती. एंजिन बंद असता वरच्या अंगाची दारे स्वतःच्या वजनाने आत लोंबलेली दिसत. पाहणाऱ्याला विमान मोडके वाटावे असे ते दृश्य असे.

मिग-२१ च्या नाकातील शंकू हे या विमानाचे सर्वांत लक्ष वेधून घेणारे अंग. त्याचे प्रयोजन जमिनीवर अजिबात दिसत नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने येणारी हवा एकाच सरळ आघात तरंगातून गेली तर तिच्या एकूण दाबाचा केवळ ७२ टक्के भाग शिल्लक राहतो. तीच हवा आधी शंकूच्या टोकापासून निघणाऱ्या तिरप्या तरंगातून व मग सौम्य झालेल्या सरळ तरंगातून नेली तर तोटा पुष्कळ कमी होतो. अनेक तरंगांच्या या युक्तीचे गणित क्लाउस ओसवाटिच यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्योटिंगेन येथे मांडले. त्याच ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट मिळविणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एच. टी. २ या प्रशिक्षण विमानाचे अभिकल्पक झाले. भारतीय विमानविद्येच्या पायाभरणीत या कोल्हापूरकडील मराठी शास्त्रज्ञाचे स्थान जितके मोठे आहे तितके ते मराठी वाचकांच्या परिचयाचे नाही. शंकू वेगाप्रमाणे पुढेमागे सरकतो. ओझरच्या पटांगणावर ही सरक तपासता येत असे. तरंग योग्य जागी बसतो की नाही हे मात्र वातविवरात किंवा आकाशातच कळावयाचे.

जमिनीवरील आणखी एक प्रकार मराठवाड्यातील वाचकाला चटकन ध्यानात येईल. चैत्र-वैशाखात उघड्या रानात उठणारी वावटळ पाचोळा व धूळ वर नेते. उभ्या विमानाच्या वायुमुखाखाली तशीच, परंतु बारीक व फार वेगवान वावटळ तयार होऊ शकते; तिचे एक टोक जमिनीवर व दुसरे एंजिनात असते. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, काहीही ती उचलते, आणि पाते दुखावते. ओझरला २००४ नंतर तयार झालेल्या सुखोई-३० एमकेआय विमानांच्या वायुमुखात याकरिता मागेपुढे होणारी जाळी आहे. जाळी म्हटली की दाबात थोडी घट आलीच, आणि ही घट सुरक्षिततेचे मूल्य म्हणून पत्करलेली असते.

दाबाची सरासरी घट एक वेळ परवडते. दाबाचा असमतोल परवडत नाही. वायुमुखाच्या एका बाजूस प्रवाह फाटला की संपीडकाचे प्रत्येक पाते एका फेरीत एकदा चांगल्या हवेतून व एकदा वाईट हवेतून जाते, आणि वाईट भागात त्याची पकड सुटण्याचा संभव असतो. तसे झाले की दाब उलटा पुढे फुटतो, मोठा आवाज होतो, कधी ज्योत विझते. याची मोजणी एंजिनाच्या तोंडाशी, वायुमुख व एंजिन यांच्या मान्य सीमेवर, करतात. चक्राच्या आऱ्यांप्रमाणे आठ दांड्या व प्रत्येकीवर पाच नळ्या, असे चाळीस दाबमापक बसविण्याची पद्धत रूढ आहे. सर्वांत वाईट साठ अंशांच्या फाकेतील दाब सरासरीपेक्षा किती खाली आहे, यावरून असमतोलाचा एक अंक काढतात. मंचावर हाच असमतोल मुद्दाम निर्माण करता येतो. घंटामुख व एंजिन यांच्यामध्ये निरनिराळ्या दाटीच्या जाळ्या बसवून वायुमुखाच्या दोषांचे जणू सोंग आणावयाचे आणि एंजिन कोठवर तग धरते ते पाहावयाचे. १९६४ साली प्रथम उडालेल्या अमेरिकेच्या एफ-१११ विमानाने हा धडा सर्वांना दिला. त्याचे एंजिन व वायुमुख एकमेकांशी इतके विजोड निघाले की वायुमुखाचा आराखडा पुनःपुन्हा बदलावा लागला.

नोझलच्या बाबतीत जमिनीवरील चाचणी अधिक विश्वासार्ह वाटते. नोझलमधील दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.८५ पटींवर गेला की गळ्याशी वायू ध्वनिवेग गाठतो, आणि त्यानंतर बाहेरच्या परिस्थितीची खबर गळ्याच्या आत पोचत नाही. त्यामुळे गळ्यातून किती वायू जातो व आदर्श रेट्याच्या किती टक्के रेटा मिळतो, हे दोन्ही अंक मंचावर चांगले निश्चित होतात. गळ्याचे क्षेत्रफळ हे संपूर्ण एंजिनाचे नियंत्रण असते. गळा आवळला तर मागचा दाब चढून संपीडक अस्थिर होतो, सैल केला तर रेटा जातो. पश्चज्वलन, म्हणजे टरबाइननंतर पुन्हा इंधन जाळणे, करावयाचे असेल तर गळा बदलता असणे अपरिहार्य आहे. वायूचे तापमान ९०० केल्विनवरून २,००० केल्विनवर नेले तर तेवढेच वस्तुमान त्याच दाबाला बाहेर काढण्यास क्षेत्रफळ तापमानांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे जवळजवळ दीडपट, करावे लागते. नोझलच्या पाकळ्या उमलतात त्या यासाठी.

आणि येथेच भारताच्या पहिल्या स्वदेशी अभिकल्पित जेट लढाऊ विमानाची गोष्ट येते. कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर येथे घडलेले एच. एफ. २४ मरुत १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याची रेषा स्वनातीत वेगाला साजेशी होती, वायुमुखांत अर्धशंकूही होते. परंतु ज्या जोरदार एंजिनाच्या भरवशावर आराखडा केला ते एंजिन कधी मिळाले नाही, आणि पश्चज्वलन नसलेल्या ऑर्फियस ७०३ एंजिनांच्या जोडीवर भागवावे लागले. प्रत्येकी रेटा सुमारे २,२०० किलोग्रॅम, म्हणजे वरील उदाहरणात घेतला त्याच्या जवळपास. तेव्हा ऑर्फियसलाच पश्चज्वलनाची जोड देण्याचे काम बंगळूरच्या गॅस टरबाइन संशोधन संस्थेने हाती घेतले. मंचावर रेटा वाढला. कोणत्याही मापाने हे यशच होते.

पण वाढलेल्या नोझलला सामावून घेण्यासाठी विमानाचा मागील भाग बदलावा लागला, आणि दोन एंजिने शेजारी शेजारी असल्यामुळे तो भाग रुंद व बोथट झाला. बोथट शेपटीमागे हवा मिटत नाही. तेथे कमी दाबाची पोकळी राहते आणि ती विमानाला मागे खेचते. मंचावर या रोधाचा मागमूसही लागत नाही. तेथे हवा फक्त एंजिनाच्या आतून वाहते, बाहेरची हवा जवळपास उभी असते. पश्चज्वलनाने मिळविलेल्या रेट्याचा मोठा वाटा असा शेपटीतच खर्च झाला. १० जानेवारी १९७० रोजी याच प्रकारच्या आदिरूपाला अपघात होऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्यू पावले. मरुतचे पहिले उड्डाणही त्यांनीच केले होते. तो अपघात हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा संबंध येथील चर्चेशी जोडणे योग्य नव्हे. पश्चज्वलनयुक्त मरुत मात्र उत्पादनात गेले नाही. एकूण १४७ मरुत विमाने बनली, १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी उत्तम कामगिरीही केली. तरी ज्या वेगासाठी त्यांचा आकार घडविला होता तो वेग त्यांना कधी लाभला नाही.

या प्रकरणात चूक कोणाची, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. एंजिनवाल्यांनी रेटा वाढवून दाखविला होता आणि विमानवाल्यांनी नोझलला जागा करून दिली होती. वाढलेला रोध कोणाच्या खाती मांडावयाचा, हे मात्र आधी ठरविणे आवश्यक असते. नोझलच्या पाकळ्यांची बाहेरची बाजू एंजिनाची की विमानाची? वायुमुखात न मावता कडेवरून सांडणाऱ्या हवेचा रोध कोणाचा? आज प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभी रेटा व रोध यांची खातेवाटणी लेखी निश्चित करतात. एकही बल दोनदा मोजले जाऊ नये आणि एकही सुटू नये, एवढाच तिचा हेतू. व्याख्येचा हा प्रश्न वरवर शाब्दिक दिसतो, परंतु शब्द सैल राहिला तर एखादे बल दोन्ही वह्यांतून निसटून जाते.

उड्डाणातील परिस्थिती जमिनीवर आणण्याचा मार्गही आहे, पण तो फार खर्चाचा. बंद कोठीत एंजिन ठेवून पुढून थंड वा तापविलेली हवा हव्या त्या दाबाने सोडावयाची आणि मागून प्रचंड शोषकांनी उंचीवरचा विरळ दाब राखावयाचा. असा पहिला मोठा मंच जर्मनीत म्यूनिक येथे बी. एम. डब्ल्यू. कंपनीने युद्धकाळात उभारला. युद्धानंतर अमेरिकेने तो उचलून टेनेसी राज्यात तलाहोमा येथे नेला. भारताच्या कावेरी एंजिनाची उंचीवरील परिस्थितीतील चाचणी रशियात करावी लागली, कारण त्या वेळी देशात तशी सोय नव्हती. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हे एंजिन तेथेच एका इल्युशिन-७६ विमानावर बसवून प्रथम आकाशात चालविण्यात आले. अशा कोठीतही एंजिनाला हवा बहुधा नळीने थेट जोडून देतात. वायुमुखासकट सबंध पुढचा भाग वाहत्या झोतात ठेवावयाचा तर कितीतरी पट अधिक हवा लागते, म्हणून तो प्रकार विरळा.

सर्वच विमानांना बदलत्या वायुमुखाची व नोझलची गरज असते असेही नाही. ओझरला पुढे तयार झालेले मिग-२७ हे मिग-२३ चेच भावंड. पण ते जमिनीलगत उडून हल्ला करण्यासाठी असल्यामुळे त्याच्या वायुमुखातील हलत्या फळ्या काढून टाकल्या गेल्या आणि नोझलही केवळ दोन अवस्थांचा, साधा, ठेवण्यात आला. उच्चतम वेग गेला, वजन व दुरुस्ती कमी झाली. नाशिकला अशी १६५ विमाने बनली. त्यांतील शेवटची २०१९ च्या डिसेंबरमध्ये जोधपूरला निवृत्त झाली. सुखोईत याच्या नेमके उलट आहे. त्याचा नोझल १५ अंशांपर्यंत वळतो, रेट्याची दिशा बदलतो, आणि त्यामुळे त्याच्या चाचणीत केवळ पुढे ढकलणारे बल मोजून भागत नाही. वर-खाली व बाजूला पडणारी बलेही वेगळी मोजावी लागतात. तरत्या चौकटीवरच्या एका बलमापकाच्या जागी तेथे अनेक बलमापक येतात, आणि एकावर पडलेला भार दुसऱ्यावर किती उमटतो याचे कोष्टक आधी वजने टांगून तयार करावे लागते.